केमोच्या जोडीला योग, काढा, मालिश: नाशिकमध्ये सुरुवात कुठून करावी

घरात कॅन्सरचं निदान झालं की पहिला आठवडा फोनवरच जातो. कुणी लक्ष्मीतरूची पानं उकळून प्यायला सांगतं, कुणी गव्हांकुरांचा रस, कुणी त्र्यंबककडच्या एखाद्या वैद्याचा नंबर पाठवतं. "केमो घेऊच नका" असं सुनावणारेही निघतात. नाशिकमध्ये यातलं काहीही मिळायला अडचण नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीची महाविद्यालयं आहेत, योगाच्या जुन्या संस्था आहेत, पंचकर्माच्या पाट्या तर दर चौकात. अडचण दुसरीच आहे. वैद्यांनी काय दिलंय हे कॅन्सरच्या डॉक्टरांना माहीत नसतं, केमोत कोणतं औषध चालू आहे हे वैद्यांना माहीत नसतं, आणि दोघंही रागावतील म्हणून पेशंट दोघांपासून थोडं थोडं लपवतो. नुकसान होतं ते बहुतेक वेळा या लपवालपवीमुळे.

आधी एक फरक पक्का करून घ्या. डॉक्टरांनी ठरवलेलं ऑपरेशन, केमो, लाईट (रेडिएशन) हे सगळं वेळच्या वेळी चालू ठेवून त्रास कमी करण्यासाठी जे घ्यायचं ते पूरक. ते सोडून जे घ्यायचं ते पर्यायी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरमध्ये ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट निघाला. गाठ विरघळवणारा काढा, चूर्ण किंवा आसन आजवर सिद्ध झालेलं नाही. मळमळ, थकवा, झोप, सांधेदुखी, भीती यांवर मात्र काही गोष्टींचा चांगला उपयोग होतो.

आधी तक्रार ठरवा, उपचार नंतर

"काहीतरी चालू करायचंय" म्हणून सुरू केलं की एकदम चार गोष्टी सुरू होतात. मग उलटी झाली तर ती केमोची, काढ्याची की गव्हांकुरांची, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पेशंटला विचारा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय? एक तक्रार निवडा, तिच्यासाठी एकच गोष्ट सुरू करा, आणि दोन-तीन आठवडे दुसरं काही जोडू नका.

थकव्यासाठी रोजचं चालणं आणि हलका योग यांच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. आराम करून हा थकवा जात नाही, उलट वाढतो. हे घरच्यांना पटवणं जड जातं. भीती आणि झोप यांसाठी ध्यान, श्वासाचे प्रकार, योगनिद्रा. स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलच्या गोळ्यांनी सांधे धरतात, त्यावर अ‍ॅक्युपंक्चर सुचवावं असं कॅन्सरतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये सांगितलं आहे. मळमळीसाठी डॉक्टरांच्या गोळीच्या जोडीला मनगटावरचा दाब करून पाहता येतो: तळहाताच्या बाजूला मनगटाच्या घडीपासून पेशंटचीच तीन बोटं आडवी ठेवा, मूठ किंचित वळली की दोन दोऱ्या वर येतात, त्यांच्या मधोमध अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. सलाईन लावलेल्या किंवा सुजलेल्या हातावर हे करू नका, आणि उलटीची गोळी बंद करू नका.

एक कागद

या लेखातलं एवढंच केलं तरी पुष्कळ झालं. फुलस्केप कागद घ्या. वरच्या अर्ध्या भागात डिस्चार्ज कार्डावरून उतरवा: आजार, केमोच्या औषधांची नावं, किती दिवसांनी, मागची तारीख, पुढची तारीख, साखर-बीपी-थायरॉईडच्या गोळ्या, शेवटच्या सीबीसीतल्या (रक्ताच्या तपासणीतल्या) पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), एसजीपीटी (लिव्हरचा आकडा). खालच्या भागात बाकीचं सगळं. सगळं म्हणजे खरंच सगळं: चहातली सुंठ नको, पण कॅप्सूल, चूर्ण, काढा, अंगारा पाण्यातून दिला असेल तर तोही. एक ओळ अशी दिसायला हवी:

"अश्वगंधा चूर्ण, अर्धा चमचा, रात्री दुधातून, १२ दिवसांपासून, झोपेसाठी, शेजारच्या काकूंनी सांगितलं, डबीचा फोटो मोबाईलमध्ये."

शेवटचा भाग महत्त्वाचा. डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी आणि मुदत छापलेली हवी. ज्या पुडीवर काहीच नाही ती घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळल्याचे प्रकार सापडलेले आहेत. ओळखायची खूण अशी: चार-आठ दिवसांत भूक खवळते, अंगदुखी पळते, चेहरा भरल्यासारखा दिसतो, आणि घरचे म्हणतात "गुण आला". मधुमेह्याची साखर मात्र त्याच आठवड्यात उसळलेली असते.

कागदाच्या दोन प्रती काढा. एक कॅन्सरच्या डॉक्टरांच्या फाईलला, दुसरी वैद्यांकडे न्यायची.

ओपीडीत डॉक्टरांकडे मिनिटं मोजकी असतात. "आयुर्वेदिक चालेल का?" असं विचारलं तर उत्तर "काही नको" असंच येणार, किंवा नुसती मान हलणार. त्याऐवजी कागद पुढे ठेवून विचारा: "यातल्या कशाने केमोच्या औषधावर, लिव्हरवर किंवा किडनीवर परिणाम होईल? कुठल्या दिवसांत बंद ठेवू?" डॉक्टर ज्यावर काट मारतील ते बंद करा आणि तारखेसह सही मागा. काही देत नाहीत. मग तिथेच तुमच्या हाताने लिहा. मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे वेळ जास्त असतो आणि बहुधा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

केमोचं कॅलेंडर

बऱ्याच केमो २१ दिवसांच्या चक्राने होतात. पहिले तीन-चार दिवस मळमळ आणि गळून जाणं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. पंधराव्या दिवसापासून माणूस माणसात येतो. औषधानुसार हे मागेपुढे होतं, दर आठवड्याच्या केमोत तर गणितच वेगळं, म्हणून तुमचे दिवस डॉक्टरांकडून विचारून भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनने खुणा करा.

मग नियोजन सोपं होतं. पेशी खाली असण्याच्या आठवड्यात योगवर्ग, सत्संग, गर्दीचा हॉल टाळायचा, घरीच करायचं. सुई (अ‍ॅक्युपंक्चर), मालिश, नवं औषध या आठवड्यात सुरू करायचं नाही. कच्चे रस नकोत. गव्हांकुर घरी कुंडीत मातीत उगवतात आणि न शिजवता वाटले जातात, त्या मातीतले जंतू नि बुरशी एरवी पचतात, या आठवड्यात पचत नाहीत. फळं सोलून खाता येतील अशी. द्राक्षं घरात असणारच, तर घड न बुडवता मणी सुटे करून वाहत्या नळाखाली चोळून धुवा.

द्राक्षांवरून आठवलं. गोळ्यांच्या माहितीपत्रकात 'ग्रेपफ्रूट खाऊ नका' असं असतं आणि नाशिकची घरं द्राक्षं बंद करतात. ग्रेपफ्रूट हे मोसंबीच्या कुळातलं फळ आहे, त्याचा द्राक्षांशी संबंध नाही. पपनस मात्र त्याचंच भावंड. इमॅटिनिबसारख्या काही गोळ्यांची रक्तातली मात्रा या फळांमुळे वाढते, तेव्हा बंद करायचं ते पपनस.

कुणाकडे जायचं

पंचवटीत गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचं आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं आरोग्यशाळा रुग्णालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयाचा फायदा असा की केसपेपर होतो, औषध लिहून मिळतं, आणि विचारायला एकापेक्षा जास्त माणसं असतात. त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात आयुष विभागाची चौकशी करा. तिथेच पॅलिएटिव्ह केअरबद्दलही विचारा. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे दिवस असा समज आहे, तो चुकीचा. दुखणं, धाप, झोप, मनाची घालमेल यांवर ते पहिल्या केमोपासून मदत करू शकतात. शालिमारच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कॅन्सरचे उपचार होतात. योगासाठी १९७८ पासून शहरात काम करणारी योग विद्या धाम आहे. कुठेही गेलात तरी नेहमीच्या वर्गात सरळ बसू नका. शिक्षकांना आधी एकट्याने भेटून कागद दाखवा.

नोंदणी तपासा. आयुर्वेदाचे वैद्य बीएएमएस आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदलेले, होमिओपॅथ बीएचएमएस आणि महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे नोंदलेले हवेत. अ‍ॅक्युपंक्चरसाठीही राज्यात वेगळा कायदा आहे. योगशिक्षकाकडे योग सर्टिफिकेशन बोर्डाचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम, पण त्यांनी कॅन्सरच्या पेशंटसोबत काम केलंय का हे जास्त महत्त्वाचं. नोंदणी क्रमांक विचारल्यावर खरा वैद्य चिडत नाही.

वैद्यांना तीनच प्रश्न पुरतात. यात नेमकं काय काय आहे? लेटरहेडवर लिहून द्याल का? केमोच्या किती दिवस आधी थांबवू? पहिल्या दोनपैकी एकाला नकार आला, किंवा "केमो थांबवा, मग माझं औषध लागू पडेल" असं ऐकू आलं, तर फी देऊन बाहेर पडा. 'कॅन्सर हमखास बरा' अशी जाहिरात करणं औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार गुन्हा आहे. अशी पत्रकं अन्न व औषध प्रशासनाला दाखवता येतात. सिंहस्थात साधूंच्या तंबूंभोवती जडीबुटीची दुकानं लागतात, तिथे तर परवाना क्रमांक विचारायचीही सोय नसते.

पोटात घ्यायच्या गोष्टी: इथेच जास्त बिघडतं

"आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही" हे वाक्य केमोच्या काळापुरतं विसरा. झाडपाल्यात ताकद असेल तर तो लिव्हर-किडनीतूनच जाणार, आणि केमोही तिथूनच जाते.

गुळवेल: २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद कुणीही जिंको, केमो चालू असताना एसजीपीटी वाढलं की डॉक्टर पुढची केमो पुढे ढकलतात, आणि ते आपल्याला परवडणारं नसतं. अश्वगंधेनेही काहींच्या लिव्हरला त्रास झालेला आहे, शिवाय थायरॉईडचं प्रमाण हलतं.

हळद: भाजीतली, दुधातली चिमूटभर चालते. कॅप्सूल वेगळी. तिच्यात कुर्कुमीन आणि ते शोषलं जावं म्हणून मिऱ्याचा अर्क असतो. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरची गोळी) घेणाऱ्यांमध्ये या जोडीने औषधाचा कामाचा अंश कमी झाल्याचं दिसलं आहे. प्लेटलेट्स कमी असताना किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असताना रक्तस्रावाची भीती निराळी.

नावाच्या शेवटी 'रस' असलेल्या गोळ्या आणि भस्मं: यांत बरेचदा पारा, गंधक, तांबं यांसारखे घटक असतात. आरोग्यवर्धिनी लिव्हरसाठी म्हणून सर्रास दिली जाते, तीतही पारा आहे. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आधीच किडनीवर भार टाकतं, तिथे यांची भर नको.

ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधाच्या आड येतात. फॉलिक अ‍ॅसिड असलेल्या 'ताकदीच्या' गोळ्यांनी कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीचे त्रास वाढू शकतात. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. स्टेरॉईड चालू असेल तर आणखीच. जर्दाळूच्या बियांच्या आतला गर 'बी-१७' म्हणून विकतात, त्यातून पोटात सायनाईड तयार होतं. लक्ष्मीतरूच्या काढ्यामागे आणि लक्ष्मणफळामागे माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. व्हिटॅमिन सी, ई च्या मोठ्या मात्रा केमो आणि लाईटच्या काळात डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नकोत. होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या केमोशी सहसा भांडत नाहीत, कॅन्सरवर कामही करत नाहीत. मदर टिंक्चर मात्र अर्कच असतो, अल्कोहोलसकट, तो कागदावर लिहा.

ऑपरेशन ठरलं असेल तर अशी सगळी औषधं निदान दोन आठवडे आधी बंद करायची, भूलतज्ज्ञांना सांगून. इसबगोल बद्धकोष्ठाला चांगलं, पण गोळ्यांना दोन तासांचं अंतर ठेवून आणि भरपूर पाण्यासोबत. आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा आतडं कुठे अडतंय अशी शंका असेल तर आधी विचारा.

डॉक्टरांनी एखादं औषध मान्य केलंच, तर सुरू करण्याआधी लिव्हर आणि किडनीची तपासणी करून ठेवा, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. तुलना करायला आधीचा आकडा हातात हवा.

तोंड आलं असेल तर घरगुती उपाय साधाच बरा: पेलाभर कोमट पाणी, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, दिवसातून चार-सहा वेळा खुळखुळून थुंकायचं. तुरटी, लवंगेचं तेल, तिखट गुटी तोंडात नको. सोललेल्या जागी आग होते आणि जेवण सुटतं.

योग: पहिले पंधरा दिवस

चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर खाली पाट. घोटे दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा फिरवा. श्वास घेत खांदे वर, सोडत खाली, दहा वेळा. मग पाच मिनिटं अनुलोम-विलोम, श्वास अजिबात न रोखता. पाच वेळा भ्रामरी. शेवटी गुडघ्यांखाली उशी घेऊन पाच मिनिटं शवासन. बस, एवढंच. करताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर जास्त होतंय.

कपालभाती आणि भस्त्रिका पोटाच्या ऑपरेशननंतर, स्टोमा (शी किंवा लघवीसाठी पोटावर केलेली वाट) असताना, प्लेटलेट्स कमी असताना नको. टीव्हीवर पाहून सगळ्यात आधी सुरू होतं ते नेमकं हेच. हाडात आजार गेलेला असेल तर पुढे वाकणं, पीळ देणं, सर्वांगासन पूर्ण बंद. ठिसूळ मणका साध्या वाकण्यानेही मोडतो. स्तनाच्या ऑपरेशननंतर ड्रेनची नळी निघेपर्यंत त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, नंतर फिजिओथेरपिस्ट सांगतील तसा वाढवा. पण कायम जपूनही ठेवू नका, खांदा आखडतो.

चालण्यासाठी दहा मिनिटांपासून सुरुवात. गोल्फ क्लबचा ट्रॅक किंवा गोदापार्क सकाळी लवकर बरा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत न्या. केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात चाललं तरी चालतं, फक्त शून्यावर येऊ नका.

मालिश, सुई, पंचकर्म

हलक्या हाताने तळपाय, पाठ, डोकं चोळणं बहुतेकांना मानवतं आणि झोपेला मदत होते. घरातलंच माणूस, कोमट खोबरेल, दहा मिनिटं. गाठीवर, ऑपरेशनच्या जागी, केमोच्या पोर्टवर (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीवर) हात नको. एकच पाय सुजून दुखत असेल तर तो चोळू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बगलेतल्या गाठी काढल्यानंतर हात सुजला असेल तर त्यासाठी वेगळ्या पद्धतीचं मालिश असतं, ते शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडूनच.

लाईट चालू असताना त्या भागावर तेल, चंदन, हळदीचा लेप, बाम काही नको. कातडी आधीच भाजल्यासारखी असते, आणि मशीन नीट लागावं म्हणून शाईने काढलेल्या खुणा तेलाने पुसल्या जातात. खुणा गेल्या तर मापं पुन्हा घ्यावी लागतात. वाफाऱ्याच्या पेटीत बसूनही हेच होतं.

प्लेटलेट्स ५० हजारांच्या खाली असतील तर सुई, कपिंग, जळवा, दाबाचं मालिश बंद. सुई नेहमी नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली. वमन (उलटी करवणं) आणि विरेचन (जुलाब देणं) केमोच्या काळात नकोच. आधीच उलट्या-जुलाबांनी क्षार आणि पाणी कमी झालेलं असतं. बस्तीबद्दल तर अजिबात तडजोड नाही: पेशी कमी असताना गुदद्वारातून काहीही घातलं तर बारीकशा जखमेतून जंतू थेट रक्तात जातात. उपचार संपून, रिपोर्ट सावरून काही महिने झाले की डॉक्टरांना विचारून हवं तर पाहा.

पैसे

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन येतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, हेल्पलाईन १५५३८८. काढे, मालिश, योगवर्ग यांचा खर्च त्यात धरू नका. खासगी मेडिक्लेममध्ये आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावं असं विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना सांगितलं आहे, पण ते मुख्यतः आयुष रुग्णालयात भरती झाल्यावर लागू पडतं. दुकानातून आणलेल्या चूर्णाची बिलं नामंजूर होऊन परत येतात. भरतीआधी कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पैसे अपुरे असतील तर क्रम असा ठेवा: ठरलेले उपचार, जाण्यायेण्याचं भाडं, घरचं प्रथिनांचं जेवण (अंडी, डाळ, दूध, पनीर), आणि मग उरलं तर बाकी. चालणं आणि श्वासाचे प्रकार फुकटच आहेत, आणि पुराव्याच्या बाबतीत महागड्या पॅकेजच्या पुढे आहेत.

केव्हा सगळं थांबवून रुग्णालय गाठायचं

थर्मामीटरवर १००.४ अंश फॅरनहाईट किंवा जास्त. केमोच्या पेशंटला हा ताप म्हणजे तातडीचं काम, सकाळची वाट पाहायची नाही. ताप मोजण्याआधी क्रोसिन किंवा काढा देऊ नका, आकडा लपतो आणि जंतू वाढत राहतात. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगावर खाज, काळी शी, हिरड्यांतून रक्त, पाठीत नव्याने कळ येऊन पाय लुळे पडणं, दिवसभर लघवी न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर पूरक औषध तिथल्या तिथे बंद, डबी पिशवीत टाका आणि निघा. वाहन नसेल तर १०८.

केमोचं औषध बदललं की कागदही नवा लिहायचा. मागच्या औषधासोबत चाललेलं पुढच्यासोबत चालेलच असं नाही. आणि तो फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी "अजून काही चालू आहे का?" विचारलं, तर सोबतच्या माणसाला अश्वगंधा बारा दिवसांपूर्वी सुरू झाली हे आठवत नसतं.